मीटर बंद असलेल्या गाडीचा हिशेब

जळकोटात गाडीमालकानं ड्रायव्हरला फोन लावला की पहिली दोन वाक्यं ठरलेली असतात. "कुठं आलास रे?" "निघलालोच मालक." या 'निघलालोच'चा पल्ला मोठा आहे. गाडी जांबच्या फाट्यावर असू शकते, बिदरच्या अलीकडं ढाब्यावर असू शकते, किंवा हैदराबादच्या गोदामाबाहेर सकाळपासून रांगेत उभी असू शकते. ड्रायव्हर खोटं बोलतो असंही नाही. निघायचं त्याच्या मनात असतं. हमाल आलेले नसतात, एवढंच.

गाड्यांवर नजर ठेवणारी जी यंत्रं आणि ॲपं गेल्या काही वर्षांत आपल्याकडं आली, ती सगळी या एका प्रश्नावर विकली गेली. विकणारा येतो, मोबाइल पुढं धरतो, नकाशावर हिरवी गाडी सरकताना दाखवतो आणि मालक खूश होतो. आठवडाभर तो ती हिरवी गाडी पाहतो. घरात दाखवतो, आलेल्या पाव्हण्यांना दाखवतो. मग पाहणं कमी होत जातं, वर्षाचं रिचार्ज संपतं आणि यंत्र स्टेअरिंगखाली लोंबकळत राहतं. गाडी कुठं आहे हे कळल्यानं गल्ल्यात काही पडत नाही, हे तोवर त्याच्या ध्यानात आलेलं असतं. त्याचा खरा प्रश्न वेगळाच असतो: खेप झाली, भाडं आलं, सगळं जाऊन मागं काय उरलं? पुढची पानं या प्रश्नासाठी आहेत.

विषयाचं छापील नाव 'एकत्रित ताफा-व्यवस्थापन सॉफ्टवेअर' असं भारदस्त आहे. ताफा म्हटलं की इकडं मंत्र्याचा आठवतो. तीन ट्रक आणि एक पिकअप असलेला माणूस "माझा ताफा" म्हणत नाही, "आमच्या चार गाड्या हायत" म्हणतो. आयकराच्या कायद्याला मात्र हा माणूस चांगला ओळखीचा आहे. १९६१ च्या कायद्यातलं कलम ४४एई खास त्याच्यासाठी लिहिलेलं होतं. वर्षात कधीही दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसतील तर सविस्तर वह्या ठेवायची गरज नव्हती. हलक्या गाडीमागं महिन्याला ७,५०० रुपये आणि १२ टनांवरच्या जड गाडीमागं दर टनाला महिना १,००० रुपये उत्पन्न धरायचं, त्यावर कर भरायचा. सोय चांगलीच होती. पण सरकार हिशेब मागत नाही म्हटल्यावर मालकानं तो स्वतःसाठीही ठेवला नाही. गाडीनं कमावलं की गाडीनं खाल्लं, हे त्याला गाडी विकताना कळतं.

जळकोट हे १९९९ साली तालुका झालेलं गाव, लातूर जिल्ह्याच्या कडेला. नांदेडहून कंधार, जांब, जळकोट, उदगीर करत बिदरकडं जाणारा रस्ता गावावरून जातो. त्या रस्त्याला अर्धा तास उभं राहिलं तर लातूरची एमएच २४, नांदेडची २६, उदगीरची नवी ५५ आणि बिदरची केए ३८ अशा सगळ्या पाट्या दिसतात. माल कुठला, तर दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन, मग तूर; उदगीरच्या डाळमिलांतून निघालेली डाळ; गाळप सुरू झालं की ऊस; उन्हाळ्यात पाण्याचे टँकर; आणि बारमाही वाळू, मुरूम, सिमेंट, खत.

यातली मेख भाड्यात आहे. धान्य टनावर जातं. उसाला टन आणि अंतर दोन्ही धरतात. टँकर खेपेवर असतो, मुरमाचा हायवा ब्रासवर, जेसीबी तासावर, शाळेची गाडी महिन्यावर. एकाच घरातल्या चार गाड्या चार मापांनी कमावतात आणि त्यातली एखादी हंगाम बदलला की माप बदलते. मुंबई-बेंगळुरूत बसून लिहिलेल्या बहुतेक सॉफ्टवेअरांत गाडी एकाच धंद्यात जन्मते आणि त्यातच मरते. म्हणून सॉफ्टवेअर दाखवायला आलेल्या माणसाला इथल्या मालकानं आधी एवढंच विचारावं: "हीच गाडी कार्तिकात टनावर आणि चैत्रात खेपेवर लावली तर तुमच्यात बसते का?" उत्तर द्यायला तो ऑफिसला फोन लावायला लागला की काय ते समजावं.

गाड्यांचा हिशेब ठेवायची रीत या मुलुखाला नवी आहे असं मात्र नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा, १९३२ साली, निजामाच्या रेल्वेनं रस्ते-वाहतुकीचं स्वतंत्र खातं काढलं आणि २७ बसगाड्या रस्त्यावर आणल्या. सरकारनं चालवलेली ही देशातल्या अगदी पहिल्या बससेवांपैकी एक. खातं रेल्वेच्या पोटातून निघालेलं, म्हणून त्याला शिस्तही रेल्वेची: गाडी सुटली कधी, पोचली कधी, इंधन किती, सगळं कागदावर. पुढं १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि काही वर्षांत इथल्या गाड्याही एसटीच्या झाल्या. एसटीच्या आगारात आजही इंधनाची भाषा वेगळी आहे. तिथं 'केपीटीएल' म्हणतात, दहा लिटरला किती किलोमीटर. लिटरला ४.८ आणि ४.९ यांतला फरक डोळ्यात भरत नाही. ४८ आणि ४९ म्हटलं की भरतो. ज्यानं कुणी हे माप रूढ केलं त्याला कारकुनाची नजर होती.

आगारात हा हिशेब जुळतो, कारण जुळवणारी माणसं नेमलेली असतात. एकाच बसचा नंबर वाहतूक नियंत्रक लिहितो, डिझेल पंपावरचा माणूस लिहितो, वर्कशॉपमधला मिस्त्री लिहितो, आणि कुणीतरी कारकून संध्याकाळी ते सगळं एका ओळीत आणतो. तीन गाड्यांच्या मालकाला हा कारकून परवडत नाही. एकत्रित सॉफ्टवेअर म्हणजे तोच कारकून, भाड्यानं मिळणारा. त्यात नकाशा असतो, पण तो त्याच्या टेबलावरचा एक कागद.

कारकून नसला की काय होतं ते मी घरात पाहिलंय. माझ्या चुलत्यांचा एक दहाचाकी ट्रक होता. भाड्याचा आकडा ट्रान्सपोर्टवाल्याच्या चिठ्ठीवर, डिझेलची उधारी पंपावरच्या वहीत, टायर कधी टाकला हे पंक्चरवाल्याच्या डोक्यात, विमा कधी संपतो हे विमा एजंटाला ठाऊक आणि पासिंगची तारीख आरटीओच्या कामं करणाऱ्या एजंटाच्या डायरीत. घरी लाल कापडाची एक वही होती आणि त्यात चुलत्यांच्या अक्षरात 'ड्रा. ॲडव्हान्स २०००' एवढंच. एका वर्षी त्या एजंटाच्या घरी लग्न निघालं. डायरी बंद राहिली, पासिंग संपलं, आणि ते कळलं कधी, तर भरलेली गाडी नाक्यावर अडवली तेव्हा. माल दुसऱ्याच्या गाडीत भरावा लागला. त्याची वराई आम्ही दिली, भाडं तो घेऊन गेला. चूक कुणाचीच नव्हती असं घरात ठरलं. मला वाटतं ते खरंही होतं. पाच जणांकडं पाच तुकडे होते आणि ते एकमेकांना कधी भेटत नव्हते.

छोट्या मालकाला सॉफ्टवेअर सगळ्यात आधी कुठं कामी येतं असं विचारलं तर मी कागदपत्रं म्हणेन. हे कुणाला आकर्षक वाटत नाही, आणि विकणारेही ते शेवटी दाखवतात. पण मोजून पाहा. नव्या मालवाहू गाडीला पहिली दोन वर्षं फिटनेस धरलेलं असतं, मग आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरसाल पासिंग. विमा दरसाल. पीयूसी. नॅशनल परमिट असेल तर त्याची वर्षाची १६,५०० रुपयांची एकत्रित फी वेगळी आणि परमिटाची मुदत वेगळी. ड्रायव्हरचं मालवाहू लायसन्स पाच वर्षांनी. गाडीमागं पाच तारखा धरल्या तरी पाच गाड्यांच्या पंचवीस झाल्या, आणि एकही दुसरीशी जुळत नाही. पंचवीस तारखा लक्षात ठेवणारा माणूस घरात असेल तर त्याला धंद्यात नका आणू, स्पर्धा परीक्षेला बसवा. फिटनेस संपलेल्या गाडीचा अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो, हे तर ज्याच्यावर गुदरलं त्यालाच विचारावं.

आता डिझेल. खर्चाचा सगळ्यात मोठा तुकडा हाच आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथलेच. समजा, उदगीर-हैदराबाद जाऊन-येऊन ४५० किलोमीटर पडतात. ट्रकनं लिटरला ४ दिले तर एकशे साडेबारा लिटरच्या आसपास डिझेल लागतं. साडेतीन दिले तर १२८ च्या वर. फरक १६ लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर खेपेला साधारण १,४५० रुपये, आणि महिन्याला आठ खेपा झाल्या तर साडेअकरा हजार. बँकेच्या हप्त्याचा चांगलाच हिस्सा झाला हा. आणि तो अर्ध्या किलोमीटरच्या फरकातून गेला, म्हणून कुणाला दिसला नाही.

दिसल्यावर मालकाच्या तोंडी पहिला शब्द येतो तो चोरी. बरीचशी सॉफ्टवेअरंही तोच शब्द लाल अक्षरांत दाखवतात. माझा यावर आक्षेप आहे. टाकीत बसवलेला सेन्सर डिझेलची उंची मोजतो. बालाघाटाच्या चढ-उतारावर गाडी तिरकी झाली की टाकीतलं डिझेल एका बाजूला जातं आणि सेन्सरला वाटतं, पाच लिटर गेलं. चांगल्या सॉफ्टवेअरला हे गाळून काढता येतं, स्वस्तातल्याला येत नाही. शिवाय ॲव्हरेज पडायला हवा कमी असलेली टायरं पुरतात, गच्च झालेला एअर फिल्टर पुरतो, घसटणारा ब्रेक पुरतो, काट्यावर जास्त भरलेलं वजन पुरतं. इंजिन चालू ठेवून गोदामाबाहेर तासन्‌तास उभं राहणं तर पुरतंच. मोठं इंजिन उभ्या उभ्या तासाला दोनेक लिटर सहज पितं. डिझेल काढणारे ड्रायव्हर नसतात असं मी म्हणत नाही. पण ज्या ड्रायव्हरनं गोदामाबाहेर पाच तास ताटकळून दहा लिटर जाळले त्याला चोर म्हणणं आणि त्या गोदामवाल्याकडून थांबण्याचे पैसे न मागणं, हा हिशेब उलटा झाला. यंत्राच्या नोंदीचा खरा उपयोग इथं आहे: गाडी कुठल्या दारात किती वाजता लागली आणि किती वाजता सुटली. ते छापून भाड्याच्या बिलाला जोडता येतं.

सेन्सर नसला तरी चालतं, हेही सांगून टाकतो. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरायची. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी बसलेलं डिझेल. यात सेन्सरचा एक रुपया नाही. अट एकच, दोन्ही वेळा टाकी खरोखर फुल. 'पाचशेचं टाक' या सवयीनं हे गणित कायमचं बिघडवलंय.

'एकत्रित' या शब्दावर थोडं थांबतो, कारण बाजारात तो सगळ्यात स्वस्त झालाय. गाडी बनवणाऱ्या कंपन्या आता गाडीतच यंत्र बसवून देतात. टाटांचं फ्लीट एज आहे, अशोक लेलँडचं आय-अलर्ट आहे, आयशरचं वेगळं. तेल कंपन्यांची इंधन-कार्डं आहेत: इंडियन ऑइलचं एक्स्ट्रापॉवर, भारत पेट्रोलियमचं स्मार्टफ्लीट, हिंदुस्थान पेट्रोलियमचं ड्राइव्ह ट्रॅक प्लस. फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झाला, त्याचा हिशेब बँकेच्या ॲपमध्ये. आता आपल्या मालकाकडं काय असतं? एक टाटा नवा, एक लेलँड सेकंडहँड, एक आयशर मेहुण्याच्या नावावरचा आणि एक जुना पिकअप ज्यात काहीच नाही. म्हणजे त्याच्या मोबाइलमध्ये सहा ॲपं झाली आणि प्रत्येक ॲप स्वतःपुरतं 'एकत्रित' आहे. लाल वहीतले तुकडे काचेच्या मागं गेले, एवढाच फरक. मोठ्या कंपनीच्या दोनशे गाड्या एकाच बनावटीच्या असतात, तिचं यानं भागतं. ज्याच्या घरात चार बनावटी, चार वयाच्या गाड्या आहेत त्यालाच सगळ्यांना पोटात घेणारं तटस्थ सॉफ्टवेअर लागतं. गरज लहान मालकाची जास्त आहे, आणि ती मोठ्याच्या नावानं मांडली जाते.

मुळात हे सगळं मोठ्यांसाठीच निघालेलं. अमेरिकेत क्वालकॉम कंपनीनं १९८८ मध्ये ट्रकांसाठी ऑम्नीट्रॅक्स ही उपग्रहावरची सेवा आणली, ती हजारो ट्रक बाळगणाऱ्या कंपन्यांपुढं ठेवून. जीपीएसच्या नागरी संकेतात अमेरिकी सरकार मुद्दाम चूक मिसळत असे. मे २००० मध्ये ती मिसळणं बंद झालं आणि साध्या यंत्रालाही गाडी रस्त्यावर आहे की शेजारच्या शेतात, हे कळायला लागलं. मोबाइलचा डेटा स्वस्त झाला तेव्हा उरलेली अडचण गेली. आज यंत्र म्हणजे हातात मावणारी डबी: उपग्रहावरून जागा घेते, सिमकार्डावरून पाठवते, आणि रेंज नसेल तिथं नोंदी पोटात साठवून पुढं रेंज आली की एकदम पाठवते. हे शेवटचं काम ती करते की नाही, हे आपल्या भागात तपासूनच घ्यावं.

मराठवाड्यातल्या बऱ्याच मालकांची जीपीएसशी पहिली ओळख धंद्यातून झालीच नाही, ती दुष्काळातून झाली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते देशभर गाजलं. खेड्यापाड्यांत त्या आणि इतर टंचाईच्या वर्षांत पाणी पोचवलं ते टँकरांनी. सरकारी कामावरच्या टँकरला जीपीएस हवा, अशी अट आली, कारण कागदावरच्या खेपा आणि गावात आलेल्या खेपा यांचा मेळ बसत नाही, ही तक्रार जुनी होती. अट बरोबरच होती. पण त्यामुळं ती डबी मालकाच्या मनात सरकारचा शिपाई होऊन बसली. आपण खेपेचा पुरावा म्हणून ती वापरू शकतो, 'गाडी आलीच नाही' म्हणणाऱ्याला तारीख-वेळेसकट उत्तर देऊ शकतो, हे फार थोड्यांच्या लक्षात आलं. प्रवासी गाड्यांसाठी केंद्राचा नियम आहेच. एआयएस-१४० या मानकाचं यंत्र आणि धोक्याच्या वेळी दाबायचं बटन २०१९ पासून नव्या गाड्यांना लागू झालं. तिथंही बहुतेकांनी ते पासिंगपुरतं बसवलं.

ई-वे बिलाचं प्रकरण पुस्तकात सविस्तर येईल, इथं दोनच ओळी. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. रात्री जहिराबादजवळ पाटा तुटला आणि माल दुसऱ्या गाडीत घातला, तर नव्या गाडीचा नंबर बिलात चढवावा लागतो, आणि मुदत वाढवायची तर संपायच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच. हे कुणाला तरी त्या रात्री कळायला हवं.

ड्रायव्हरबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय सुरू करू नये असं मला वाटतं. यंत्र गाडीत बसतं, पण नजर माणसावर असते. गाडीत काय चाललंय ते रोज रात्री मालकाला दिसतं, मालक दिवसभर काय करतो ते ड्रायव्हरला दिसत नाही. काही सॉफ्टवेअरं ड्रायव्हरला गुण देतात: जोरात ब्रेक मारला, गुण वजा. जळकोट-उदगीर रस्त्यावर शेळ्या आडव्या आल्यावर ज्यानं जोरात ब्रेक मारला नाही, त्याला किती गुण देणार? १९६१ चाच आणखी एक कायदा होता, मोटार वाहतूक कामगारांचा. त्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास काम, हे सर्वसाधारण माप दिलं होतं. जी डबी ड्रायव्हर कुठं थांबला हे सांगते, तीच तो सलग किती तास स्टेअरिंगवर होता हेही सांगते. दुसरा अहवाल उघडून पाहणारा मालक मला अजून भेटायचाय. माझा सल्ला साधा आहे, ॲप ड्रायव्हरच्या मोबाइलवरही टाका. त्याचा भत्ता, त्याचा ॲडव्हान्स, त्याच्या खेपा त्याला दिसू द्या. मराठीत, आणि जमलं तर बोलून नोंद करता येईल असं. आमच्याकडचे निम्मे ड्रायव्हर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी एका वाक्यात बोलतात. इंग्रजी फॉर्म ते भरणार नाहीत, आणि का भरावा?

घेताना दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. पैसे भरणं थांबवलं तर जुन्या नोंदी आपल्या हाती येतात का, एक्सेलमध्ये? आणि डबी दुसऱ्या कुणाच्या सॉफ्टवेअरवर चालते का? दोन्हींना नकार आला तर आपण गाडी घेतली आणि चावी विकणाऱ्याकडं राहिली. टायरांचंही पाहावं. टायरला स्वतःचा नंबर असतो आणि तो गाडी बदलतो. या ट्रकचा मागचा आतला टायर रिमोल्ड होऊन त्या ट्रकला जातो. सॉफ्टवेअर फक्त गाडीच्या नावानं टायर लिहीत असेल तर वर्षभरात त्याला काहीच कळेनासं होतं.

आणि सगळ्याच्या आधी किलोमीटर. ॲव्हरेज, टायर, ऑइल, सर्व्हिसिंग, सगळं किलोमीटरवर उभं आहे, आणि जुन्या गाड्यांची मीटरं बंद असतात. चुलत्यांच्या ट्रकचं मीटर मी शाळेत होतो तेव्हापासून एकाच आकड्यावर थांबलेलं होतं. ऑइल 'आता काळं पडलंय' म्हणून बदललं जाई, ॲव्हरेज 'बरं देतीय' एवढंच सांगितलं जाई. त्या ट्रकनं नऊ वर्षं सोयाबीन वाहिलं, ऊस वाहिला, दोन उन्हाळे टँकरचा सांगाडा पाठीवर घेऊन फिरला. विकला तेव्हा घेणाऱ्यानं बोनेट उघडून पाहिलं, टायरांना लाथ मारून पाहिलं, चेसिसवर हात फिरवला. मग केबिनमध्ये चढून मीटरवरची धूळ पुसली, आकडा वाचला आणि म्हणाला, "कमीच चाललीय की."

चुलत्यांनी मान हलवली.